सँड आज ऐकत नाही

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाची भाषा कोणती, असं बाहेरगावच्या माणसानं विचारलं तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. मशीनच्या भागांची नावं इंग्रजी, ओडिशा-बिहारहून आलेल्या पोरांशी हिंदी, आपसात मराठी नाहीतर कन्नड, आणि साहेबांच्या मीटिंगमध्ये पुन्हा इंग्रजी. एकच वाक्य अर्ध्यावर भाषा बदलतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. "लॅडल गरम केला काय री?" "हौद री, केलोय की." सवाल कुठल्या भाषेत सुरू झाला आणि जवाब कुठल्या भाषेत संपला, हे बघायला कुणाला सवड नसते. लोखंड वितळून तयार असतं.

मी इथल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, शाळा मराठी, घरात मराठी. कन्नड शिकले ती कामावर, कानानं. पाटी वाचायला आजही मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. इतकी वर्षं मशीनच्या खडखडाटात माणसांशी बोलून माझं एक मत झालं आहे: कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांशी सगळ्यांत खरं बोलू शकतात ती आपल्याला नीट न येणाऱ्या भाषेत. आपल्या भाषेत प्रत्येकाकडे तयार वाक्यांचा भरपूर साठा असतो. बघतो, करून घेतो, होऊन जाईल, काळजी नको. तोंड हे बोलत असतं आणि मन गॅसच्या नंबरावर नाहीतर पोराच्या फीवर असतं. समोरच्यालाही ते कळतं, तोही तितक्याच सराईतपणे "बरं" म्हणतो, आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात. दुसऱ्याच्या भाषेत ही सोय नसते. तिथं प्रत्येक वाक्य नव्यानं जुळवावं लागतं, आणि जुळवताना आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे हे आधी स्वतःला विचारावं लागतं.

आमच्या सँड प्लांटवर, म्हणजे साच्याची वाळू मळतात तिथं, एक मामा आहेत. बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड. मराठी त्यांना येते, पण ती बाजारहाटापुरती. सकाळी रात्रपाळी सुटताना मी त्यांच्याकडे जाते. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो. वाळू, बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिक्सरमध्ये मळायचं, ते बॉक्समध्ये ठासून बसवायचं, आतला पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, काढून घ्यायचा, आणि उरलेल्या पोकळीत साधारण १३५० ते १४०० अंशांचं लोखंड ओतायचं. पाणी जेमतेम तीन-साडेतीन टक्के. जास्त झालं तर वाफ कोंडून कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या तुकड्याच्या, पोटात पोकळ्या पडतात, त्यांना ब्लोहोल म्हणतात. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण लोखंडात शिरतात. यातलं बरंच वरून दिसत नाही. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी असेल तर मशीनिंग होता होता, ड्रिल आत शिरल्यावर पोकळी उघडी पडते, आणि तोवर त्या एका तुकड्यावर चार माणसांची मेहनत खर्च झालेली असते.

मिक्सरजवळ वाळूतलं पाणी मोजायचा मॉइश्चर टेस्टर आहे. रीडिंग घ्यायचं, रजिस्टरात लिहायचं. मी सांगते त्या सकाळी रजिस्टरातले सगळे आकडे हद्दीत होते, ३.२, ३.४, ३.३ असे. मी विचारलं, "सँड हेंग ऐती मामा?" वाळू कशी आहे?

"छलो ऐती री." चांगली आहे.

एवढ्यावर शिफ्ट बदलली असती. कागद बरोबर, तोंडी जवाब बरोबर. पण बोलताना मामांच्या मुठीत वाळू होती. जुने मोल्डर, साचे बनवणारे, मूठभर वाळू घट्ट दाबतात, बोटांचे ठसे नीट उठले का बघतात, मग तो गोळा मधोमध मोडतात. तुटलेली कड स्वच्छ असली तर वाळू बरी. मामांनी गोळा मोडला, टाकून दिला, दुसरी मूठ घेतली, तीही मोडली, अंगठ्यानं कड चोळून बघितली. तोंडानं "छलो" म्हणून झालं होतं आणि हात अजून तपासत होता. मी तिथंच उभी राहिले. पुढचा प्रश्न कन्नडात जुळवायला मला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ मामांना मिळाला. मग ते मराठीत म्हणाले, "मॅडमरी, सँड आज ऐकत न्हाई."

ऐकत नाही म्हणजे काय, हे त्यांना सांगता येईना आणि मला विचारता येईना. त्यांनी मला परतीच्या वाळूच्या बेल्टजवळ नेलं आणि म्हणाले, "हात घाला." वाळू चांगली गरम होती. रात्री माल जास्त काढला होता, फोडलेल्या साच्यांची वाळू गार व्हायच्या आतच फिरून मिक्सरला येत होती. परतीची वाळू पन्नास अंशांच्या आसपास गेली की हा घोटाळा सुरू होतो. मिक्सरजवळ मॉइश्चर बरोबर दिसतं, आणि मोल्डिंगपर्यंत जाता जाता त्यातलं पाणी उडतं. टेस्टर जिथं मोजत होता तिथं त्याचा आकडा खराच होता. साचा मात्र तिथं बनत नव्हता.

त्या सकाळी बेल्टवर पाणी मारून वाळू गार करून घेतली, मोल्डिंगचा वेग उतरवला. पण माझ्या मनात राहिलं ते त्याच्या आधीचं. मामांनी रजिस्टरात खोटं लिहिलं नव्हतं, मला खोटं सांगितलंही नव्हतं. "छलो" हे पाळी सुटतानाचं बोलणं होतं, जसं आपण रस्त्यात कुणी "बरं आहे ना?" विचारलं की "बरं आहे" म्हणतो. खरं काय ते त्यांच्या अंगठ्याला कळत होतं, आणि ते तोंडापर्यंत यायला समोर कुणीतरी न हलता उभं असावं लागलं. आम्ही दोघं सफाईनं बोलणारे असतो तर मधली ती रिकामी जागा आम्ही शब्दांनी भरून टाकली असती, याची मला खात्री आहे.

ही जागा किती लहान असते ते मोजलेलं आहे. २००९ साली दहा भाषांतल्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन, लाओ अशा एकमेकींपासून लांबच्या भाषा. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, आणि थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच दिसलं. आता गंमत बघा, मनात ठरवलेला एखादा शब्द ओठांवर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं. हा माणसाचा दोष नाही, बोलणं चालतंच असं. पण मीटिंगमध्ये ज्याची बोलायची पाळी जवळ आली आहे त्या माणसाचे डोळे बघा. समोरच्याच्या वाक्याच्या उत्तरार्धात ते तिथं नसतात. माझ्या कन्नडात मला उत्तर आधीपासून तयार ठेवता येत नाही. मामांचं वाक्य संपेपर्यंत मी त्यांच्याच वाक्यात असते, कारण एक शब्द निसटला तर सगळा अर्थ हातचा जातो. मराठीत मला हे मुद्दाम करावं लागतं, आणि ते कठीण आहे.

शहरातल्या वडगाव-खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, मागाच्या घरी गेलात तर याचं आणखी एक रूप दिसेल. पॉवरलूम चालू असताना लांबून हाक मारून उपयोग नसतो. बायको नवऱ्याला जेवायला बोलवायची तर जवळ येते, खांद्याला हात लावते, तो मान वळवतो, मग ती बोलते, आणि तो तिच्या ओठांकडे बघतो. सुताचा तुटलेला धागा दाखवायचा तर बोट नेऊन दाखवायचा. त्या घरांत लहानपणापासून वाढलेली पोरं आमच्याकडे कामाला येतात. त्यांच्याशी बोलताना ती तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. मला ती फार आवडतात. नव्या ट्रेनींना मी त्यांच्याच शेजारी उभं करते.

आता संवाद या विषयावर प्रशिक्षणंही होतात. उपयोगाचं तिथंही काही असतं. पण एक स्लाइड हमखास येते आणि तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्या-हावभावांचा ५५ टक्के. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलेत. त्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं. बोलणं आणि चेहरा एकमेकांविरुद्ध असतील तर माणूस विश्वास कशावर ठेवतो, याबद्दलचं ते निरीक्षण होतं. सगळ्या संवादाला ते लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगून ठेवलं आहे. लागू झालं असतं तर मी कन्नड न शिकता नुसत्या हातवाऱ्यांवर फौंड्री चालवली असती. या स्लाइडनं नुकसान होतं ते असं की तरुण पोरं आरशासमोर उभी राहून हसणं, हात हलवणं, डोळ्याला डोळा देणं याचा सराव करतात. शब्द सात टक्केच, तर ते कसेही चालतील असं त्यांना वाटतं. मामांचा हात मला दिसला तो मला देहबोलीचं शास्त्र येतं म्हणून नाही दिसला. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून दिसला. आणि तरीही शेवटी काम झालं ते शब्दानंच. "ऐकत न्हाई" हा शब्द बाहेर आल्यावर.

एवढं सांगून झाल्यावर माझ्या मताला आडवी येणारी गोष्ट सांगणं भाग आहे. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या टेनेरिफवरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या बेटावर बाँब फुटल्यामुळे विमानं इथं वळवलेली, जागा कमी, धावपट्टीवर धुकं उतरलेलं. डच कंपनी केएलएम आणि अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमची दोन जंबो जेट एकाच पट्टीवर. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. ड्यूटीच्या तासांची मर्यादा जवळ आलेली, त्यामुळे निघायची घाई. डच वैमानिक, स्पॅनिश नियंत्रक, रेडिओवर सगळे इंग्रजीत बोलत होते. केएलएमकडून निरोप गेला, "वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ." नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी येऊन थांबलेत. विमान धावू लागलेलं होतं. नियंत्रक "ओके" म्हणाला. थांबा, मी सांगेन, असं पुढे त्यानं म्हटलं, पण नेमकं त्याच वेळी पॅन अ‍ॅमवालेही रेडिओवर बोलले आणि दोन्ही आवाज एकमेकांत अडकून केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्यानं विचारलं, ते पॅन अ‍ॅम पट्टीवरून बाजूला झालेलं नाही काय? कॅप्टननं ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअरनं पुन्हा विचारलं नाही. ५८३ माणसं गेली.

दुसऱ्याच्या भाषेत माणूस खरं बोलतो असं म्हणणाऱ्या मला हा अपघात नीट वाचावा लागला. इथं रेडिओवर डच वैमानिक आणि स्पॅनिश नियंत्रक दोघंही दुसऱ्याच्या भाषेत बोलत होते. फरक मला एवढाच दिसतो की त्यांना थांबायला वेळ नव्हता, आणि ज्याला शंका होती त्याला दुसऱ्यांदा विचारायची हिंमत उरली नव्हती. मोडकी भाषा माणसाला थांबवते ती थांबायची मुभा असेल तरच. घाई असेल तेव्हा तीच भाषा जीव घेते, कारण तिच्यात "ओके"चे चार अर्थ निघतात. या अपघातानंतर विमानवाहतुकीनं बोलण्याची रीतच बदलली. "टेक-ऑफ" हा शब्द परवानगी देतानाच वापरायचा. नुसत्या होकारावर भागवायचं नाही, ऐकणाऱ्यानं सूचना स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवायची. आणि १९७९ साली नासाच्या पुढाकारानं वैमानिकांच्या आपसातल्या वागण्याबोलण्यावर विचार सुरू झाला, ज्यातून हाताखालच्या माणसानं शंका कशी लावून धरायची आणि कॅप्टननं ती कशी ऐकून घ्यायची याचं प्रशिक्षण उभं राहिलं.

परत म्हणून दाखवायची रीत मी फौंड्रीत आणली आहे. पूर्वी सगळे सुपरवायझर सूचना देऊन विचारायचे, "तिळीतेन्री?" आणि जवाब ठरलेला, "तिळीतु री." मराठीत "समजलं काय?" "होय की." यातून काहीच कळत नाही. समजलं नाही असं आपल्या साहेबाला सांगणं कुणालाही जड जातं. म्हणून मी विचारते, "आता तुम्ही काय करणार, मला सांगा." माणूस सांगायला लागतो आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या बोलण्यातली भोकं दिसायला लागतात. लोखंडाची घडण सुधारायला वितळलेल्या लोखंडात इनॉक्युलंट नावाचा मसाला टाकतात, तो टाकल्यावर लोखंड पटकन ओतायचं असतं, रेंगाळलं तर त्याचा गुण उतरतो. ते मी "लवकर ओता" असं सांगत आले होते. एका ओडिशाच्या पोरानं परत सांगितलं तेव्हा त्याच्या "जल्दी" मध्ये लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, घेऊन पळणं होतं. मला हवी होती ती मधली वाट बघणं टाळणारी घाई. त्याला पळू नको म्हणून सांगितलं आणि बाकीच्यांनाही सूचना बदलून दिली, ओतायचे बॉक्स आधी तयार ठेवा, मग इनॉक्युलंट टाका.

पण हिंमतीचा प्रश्न रीतीनं सुटत नाही. तिथं माझं बोलणं वरच्यांशी आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेनं नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत नर्सांच्या पथकांचा अभ्यास केला. चांगली पथकं औषधं देताना कमी चुका करत असतील असा अंदाज होता. नोंदी उलट निघाल्या, चांगल्या पथकांच्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा की तिथं चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदीत येत होती. बाकीच्या ठिकाणी ती दडपली जात होती. पुढं १९९९ मध्ये त्यांनी हा विचार नीट मांडला. आमच्याकडे कंत्राटावरच्या कामगाराला विचारा, रिजेक्शन तुझ्या शिफ्टचं निघालं तर सांगशील काय. सांगितलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील, हे त्याच्या पोटात असतं. अशा माणसाला मनमोकळं बोल म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. खरेपणाची अपेक्षा ज्यांनी ठेवायची त्यांनी आधी खरं बोलणाऱ्याची रोजी राखायची जबाबदारी घ्यावी. हे न करता भिंतीवर पोस्टर लावणं म्हणजे धोका सगळा खालच्यानं उचलायचा आणि फायदा वरच्यानं घ्यायचा.

माझी बहीण शहरातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. चंदगड, गडहिंग्लज, आजरा, पार सिंधुदुर्गापासून पेशंट येतात. पुष्कळदा डॉक्टर कन्नड बोलणारे, पेशंट मराठी, आणि मध्ये ती. ती सांगते, दुभाष्याचं काम करताना जीभ आपोआप शब्द मऊ करते. डॉक्टर म्हणतात पाय वाचेल असं दिसत नाही, आणि तोंडातून निघतं, बघू म्हणाले. पेशंटवर माया असते म्हणूनच असं होतं. पण त्या मायेपायी माणसाचा निर्णय घ्यायचा वेळ जातो. आता ती डॉक्टरांचं वाक्य आधी आहे तसं सांगते, मग पेशंटचा हात धरून बसते. मऊपणा शब्दांत न घालता तिनं तो स्वतःच्या बसण्यात नेला, आणि माझ्या मते या कामात तिच्याइतकं कुणाला कळलेलं नाही.

बेळगावात राहून या विषयावर लिहायचं आणि १ नोव्हेंबर टाळायचा हे मला पटत नाही. १९५६ च्या त्या तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. दरवर्षी त्या एकाच दिवशी एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाची लाल-पिवळी निशाणं असतात आणि दुसऱ्या गल्लीतून महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची फेरी निघते. या भागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या घरातली वडीलधारी माणसं फेरीला जातात. मामा त्यांच्या गावी निशाणाच्या कार्यक्रमाला जातात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एकाच मिक्सरशी उभे असतो. पुष्कळ वर्षं आम्ही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. सगळीकडे तसंच असतं. कँटीनमध्ये दोन दिवस पावसाबद्दल आणि उसाच्या दराबद्दल जरा जास्त बोलणं होतं.

बोलणं सुरू केलं ते मामांनी. म्हणाले, "मॅडमरी, तुमच्या घरातले लोक काल उपाशी हुते काय?" त्यात टोमणा नव्हता, जेवणाची विचारपूस होती. मी होय म्हटलं आणि का ते सांगितलं. शेताचा उतारा, नोटीस, सगळं न येणाऱ्या भाषेत हातात पडतं तेव्हा माझ्या वडिलांसारख्या माणसाला कसं वाटतं ते सांगितलं. माझी कन्नड तिथं पुरली नाही, मराठीत सांगितलं, हळू. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांना तालुक्याच्या गावी कचेरीत कन्नड बोलले म्हणून कारकुनानं ताटकळत ठेवलं होतं, आणि घरात त्या निशाणाला म्हणून मान आहे. दोघांपैकी कुणाचं मत बदललं नाही. मला ते बदलायचंही नव्हतं. पण त्यानंतर मामा मला कामातली वाईट बातमी लवकर सांगायला लागले, आणि मीही त्यांना. मनातली सगळ्यांत मोठी गोष्ट ज्याच्यापासून लपवावी लागते त्याच्यापासून लहानसहान गोष्टीही लपवायची सवय लागते, असं मला वाटतं. उलटंही होतं. सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणणार नाही. जिथं माणसाला नोकरीची किंवा अंगावर येण्याची भीती आहे तिथं गप्प राहणं हाच शहाणपणा आहे. आम्हाला दोघांना एकमेकांची खात्री व्हायला बरीच वर्षं एका मिक्सरशी उभं राहावं लागलं.

आणि खरं बोलणं म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं नव्हे, हेही सांगायला पाहिजे, कारण आमच्या भागात "तोंडावर बोलणारा" म्हणून माणसाचं कौतुक फार होतं. ऑडिटच्या दिवशी हाताखालच्या पोरावर ओरडणारा सुपरवायझर स्वतःला स्पष्टवक्ता समजतो. तो त्या क्षणी त्या पोराशी बोलतच नसतो, स्वतःच्या भीतीशी बोलत असतो. पोराला त्यातून एवढंच कळतं की आज साहेबांच्या जवळ जायचं नाही.

सध्या आमच्याकडे शिफ्ट बदलण्याचं काम मोबाइलच्या अ‍ॅपवर न्यायचं घाटतं आहे. जाणाऱ्यानं रीडिंग भरायचं, हिरवा-लाल रंग निवडायचा, येणाऱ्यानं ते बघून काम सुरू करायचं. दोघांनी भेटायची गरज नाही, वेळ वाचेल. आकडे अ‍ॅपवर जायला माझी ना नाही, माझंच काम हलकं होईल. पण त्या सकाळचे आकडे अ‍ॅपवर हिरवेच दिसले असते. म्हणून येत्या मीटिंगमध्ये मी मागणी करणार आहे की जाणारा आणि येणारा दहा मिनिटं मिक्सरजवळ एकत्र उभे राहतील, आणि त्या दहा मिनिटांचा पगार दोघांनाही मिळेल. पगाराचं कलम मी मुद्दाम घातलं आहे. फुकट मागितलेला वेळ पहिल्याच घाईच्या दिवशी कापला जातो, हे मी पाहिलं आहे. मामांनाही मीटिंगला यायला सांगितलं. आधी नको म्हणाले, मग तयार झाले, पण कन्नडातच बोलणार म्हणाले. नवे साहेब पुण्याचे, त्यांना कन्नड येत नाही, तेव्हा मराठी मी करून सांगणार. बहिणीचं बोलणं ध्यानात ठेवून मी मामांना आधीच सांगून ठेवलं आहे, मी काही मऊ करून सांगितलं असं वाटलं तर तिथंच मला थांबवा. मराठी तेवढी त्यांना कळते.